काल गडद, आज फिकट: घरच्या प्रेग्नन्सी टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका स्त्रीरोग दवाखान्यात समुपदेशक आहे. दवाखान्याच्या नंबरवर सकाळी सहा ते आठ या वेळात सगळ्यात जास्त काय येत असेल, तर कार्डांचे फोटो. बेसिनच्या कडेवर ठेवलेलं कार्ड, ट्यूबलाईटखाली धरलेलं कार्ड, कधी त्यावर लाल गोल काढलेला. खाली एक ओळ: "मॅडम, दुसरी लाईन आहे ना?" दोन दिवसांनी त्याच नंबरवरून, "आता फिकट का झाली?" तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे. प्रश्न ज्या शब्दांत आले जवळजवळ त्याच शब्दांत ठेवलेत, नावं-गावं काढून. पोटात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न १२ वाचा.

१. हे कार्ड नक्की काय बघतं?

एकच गोष्ट: लघवीत एचसीजी आहे की नाही. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजला की ज्या पेशींची पुढे वार होणार असते, त्या हे संप्रेरक तयार करायला लागतात. ते आधी रक्तात येतं, मग लघवीत उतरतं. कार्डाला गर्भ दिसत नाही. तो पिशवीत (गर्भाशयात) आहे की नळीत (गर्भनलिकेत), किती आठवड्यांचा आहे, ठोके आहेत का, यातलं त्याला काहीच कळत नाही.

आत काय घडतं ते एकदा समजून घ्या, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. खाचेत थेंब टाकले की लघवी पट्टीवरून पुढे सरकते. वाटेत तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटिबॉडी भेटतात. हो, सोनंच, रेघेचा गुलाबी-जांभळा रंग त्याचा असतो. या अँटिबॉडी एचसीजीला एका बाजूने धरतात आणि घेऊन पुढे जातात. 'टी' या जागी पट्टीवर दुसऱ्या अँटिबॉडी पक्क्या बसवलेल्या असतात, त्या एचसीजीला दुसऱ्या बाजूने पकडतात. दोन पावांमध्ये काकडी अडकावी तसं. असे भरपूर कण एका ओळीत अडकले की आपल्याला रेघ दिसते. 'सी'ची रेघ फक्त कार्ड चालू आहे एवढं सांगते. ती आलीच नाही तर 'टी'वर काहीही दिसो, ते कार्ड फेकायचं आणि नवीन घ्यायचं.

२. टेस्ट कधी करू? पाळीच्या तारखेआधी केली तर चालेल का?

करता येते, पण मग नंतरचा घोळही पत्करावा लागतो. स्त्रीबीज सुटल्यापासून गर्भ रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात, बहुतेकींमध्ये ८ ते १०. रुजल्याशिवाय एचसीजी तयारच होत नाही. बाजारातली बरीचशी कार्डं लघवीत मिलीलीटरमागे २५ मिली-युनिटच्या आसपास एचसीजी असेल तर ते पकडतात. म्हणजे दोन मैत्रिणींची पाळी एकाच दिवशी चुकली, पण एकीचा गर्भ आठव्या दिवशी रुजला आणि दुसरीचा अकराव्या, तर पहिलीचं कार्ड हो म्हणेल आणि दुसरीचं त्याच दिवशी नाही. दोघी गरोदरच.

माझं मत विचाराल तर पाळी चुकल्यावर आठवडाभर थांबा. इतकं थांबवत नसेल, आणि बहुतेकींना थांबवत नाही, तर निदान पाळीची तारीख उलटू द्या. पाळी अनियमित असेल तर तारखेला अर्थ नाही. शेवटच्या संबंधानंतर तीन आठवडे मोजा आणि मग करा.

३. सकाळची पहिलीच लघवी लागते का? मी रात्रपाळीला असते.

सुरुवातीच्या दिवसांत पहिली लघवी बरी, कारण ती दाट असते. तुमची "सकाळ" म्हणजे तुमची सगळ्यात लांब झोप संपते ती वेळ, मग घड्याळात दुपारचे तीन वाजलेले असले तरी हरकत नाही. झोपेचंच खोबरं झालं असेल तर चार तास लघवीला न जाता थांबा. पाळी चुकून दहा-बारा दिवस झाले असतील तर कुठल्याही वेळची चालते. फक्त टेस्टसाठी लघवी व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नका. त्याने लघवी होते, पण पाण्यासारखी.

४. पाच मिनिटांनी एकच रेघ होती. दुपारी डस्टबिनमधून काढून बघितलं तर दोन!

ही डस्टबिनची गोष्ट मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की आता हसू येत नाही. कार्ड वाळलं की 'टी'च्या जागी एक छटा राहू शकते. तिथे पाणी उडून गेल्याची खूण राहते एवढंच. ती बहुधा राखाडी किंवा मळकट असते, तिला गुलाबी रंग नसतो. कधी कधी तर पट्टीवर अँटिबॉडी लावताना पडलेली बारीक खाचच तिरक्या उजेडात रेघेसारखी दिसते.

बहुतेक कार्डांना ड्रॉपरने तीन थेंब टाकून पाच मिनिटांनी बघायचं असतं, पण पाकिटावर जे लिहिलंय ते अंतिम. मोबाईलवर टायमर लावा. वेळ झाली, बघितलं, ठरवलं, फेकलं. वेळेनंतर उगवलेली रेघ धरायची नाही आणि त्याच कार्डावर पुन्हा थेंब टाकायचे नाहीत.

५. रेघ आहे, पण अगदी पुसट. हो समजू की नाही?

तीन गोष्टी तपासा. वेळेच्या आत आली का? तिला रंग आहे का? कार्डावरच्या खिडकीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पूर्ण आहे का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह. पुसट पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्हच. "थोडी गरोदर" असं काही नसतं. लवकर टेस्ट केली असेल तर रेघ पुसटच येणार.

दोन दिवसांनी सकाळी त्याच कंपनीचं दुसरं कार्ड करा. तोवर फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू केलीत तर नुकसान काही नाही. दारू-सिगरेट बंद, आणि स्वतःच्या मनाने कुठलंही औषध नको.

६. मंगळवारी गडद होती, आज गुरुवारी फिकट. बाळ गेलं का?

ज्या प्रश्नामुळे हे पान लिहायला घेतलं तो हाच. थोडक्यात उत्तर: एका फिकट कार्डावरून असं काहीही म्हणता येत नाही.

मागे एकदा आमच्या सिस्टर आणि मी एक उद्योग केला. एकाच डबीतला नमुना घेतला आणि तीन कंपन्यांच्या कार्डांवर टाकला. एकावर रेघ ठसठशीत गुलाबी, दुसऱ्यावर बरी, तिसऱ्यावर शोधायला खिडकीपाशी जावं लागलं. मग त्याच डबीत तेवढंच पाणी घातलं. पहिल्याच कंपनीचं नवं कार्ड, आणि रेघ पार उतरलेली. बाई तीच, वेळ तीच, गर्भ तोच. तुमच्या मंगळवार-गुरुवारमध्ये तर याहून कितीतरी जास्त गोष्टी बदललेल्या असतात. एकदा सकाळी केलीत, एकदा ऑफिसमधून आल्यावर. मध्ये उन्हातून येऊन दोन ग्लास ताक प्यायलात. मेडिकलमध्ये तो ब्रँड नव्हता म्हणून दुसरा घेतला. थेंब तीनऐवजी दोन पडले. या प्रत्येकाने रेघेचा रंग बदलतो.

हे कार्ड "आहे की नाही" सांगायला बनवलेलं आहे, "किती आहे" सांगायला नाही. रेघ वाचायची असते, मोजायची नसते.

मग फिकट होण्याला कधीच अर्थ नसतो का? असतो. एकाच ब्रँडचं कार्ड, सकाळचीच लघवी, आणि तरीही दोन-दोन दिवसांच्या अंतराने रेघ पुसट होत होत गेली, सोबत अंगावरून जायला लागलं, तर गर्भ टिकला नसण्याची शक्यता असते (प्रश्न ९). पण तेव्हाही पक्कं सांगते ती रक्ताची तपासणी (प्रश्न ११). आणि दोन महिने उलटल्यावर रेघ फिकी पडली तर त्याची गोष्ट पूर्ण उलटी आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

७. मी रोज टेस्ट करून कार्डं ओळीने मांडून ठेवलीत. किती दिवसांत गडद व्हायला हवी?

अशी नऊ कार्डं कंपासपेटीत घालून आणलेली एक मुलगी मला आठवते. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित. पाचवं कार्ड चौथ्यापेक्षा फिकट होतं म्हणून ती रात्रभर जागी होती. सोनोग्राफीत सगळं छान निघालं.

सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं एचसीजी साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. म्हणजे रोजच्या रोज फरक दिसायची अपेक्षाच चूक. शिवाय एका मर्यादेनंतर रेघ आणखी गडद होऊच शकत नाही. पट्टीवरच्या अँटिबॉडी सगळ्या भरल्या की संपलं. 'टी'ची रेघ 'सी'पेक्षा गडद झाली म्हणजे जुळी, असंही नाही. एकदा पॉझिटिव्ह आली की पन्नास-साठ रुपयांचं दुसरं कार्ड घ्यायला एकदाच जा, तेही दोन दिवसांनी. नंतर ते पैसे फळांवर घाला.

८. पाळी दहा दिवस पुढे गेलीय, टेस्ट मात्र निगेटिव्ह. असं कसं?

सगळ्यात नेहमीचं कारण: त्या महिन्यात स्त्रीबीजच उशिरा सुटलं. ताप, प्रवास, परीक्षा, जागरणं, पीसीओडी, थायरॉइड, वजनात झालेला मोठा बदल, अंगावरचं पाजणं, काहीही कारण असू शकतं. बीज उशिरा सुटलं तर पाळीही उशिरा, आणि गर्भ राहिलाच असेल तर त्याची टेस्टही उशिरा पॉझिटिव्ह. एका आठवड्याने पुन्हा करा. तेव्हाही निगेटिव्ह आणि पाळीही नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांचा हिशेब वेगळा. संबंधानंतर घ्यायची आय-पिल किंवा अनवॉन्टेड-७२ सारखी गोळी घेतली असेल तर पाळी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर किंवा संबंधानंतर तीन आठवडे झाले की टेस्ट करा. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपती, घरचं लग्न, वारी, काही ना काही निमित्त असतं. गोळ्या थांबवल्यावर काही दिवसांत पाळी येते. आली नाही तर "गोळ्यांचाच परिणाम" म्हणत महिना घालवू नका, टेस्ट करा. या गोळ्यांनी टेस्टचा निकाल चुकत नाही, फक्त पाळीचं गणित चुकतं.

९. पॉझिटिव्ह आली, पाचव्या दिवशी पाळीसारखंच अंगावरून गेलं, आता निगेटिव्ह. पहिलं कार्ड खराब होतं का?

बहुधा नाही. गर्भ रुजला होता, एचसीजी तयार झालं, कार्डाने ते खरंच पकडलं. पण गर्भ वाढला नाही. सोनोग्राफीत काही दिसण्याच्याही आधी संपलेल्या या गर्भधारणेला डॉक्टर केमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. नाव कोरडं आहे. केमिकलचा काही संबंध नाही. फक्त तपासणीतल्या रसायनातून कळली, एवढाच अर्थ. पूर्वी हीच गोष्ट "यावेळी पाळी चार दिवस लांबली" म्हणून विसरली जायची. लवकर टेस्ट करायची सोय आली तसं हे दुःखही कळायला लागलं.

आता घरातले सल्ले सुरू होतील. पपई खाल्लीस, स्कूटरवर बसलीस, पाण्याची कळशी उचललीस. यातल्या कशानेही हे होत नाही. इतक्या लवकर गर्भ थांबतो तो बहुतेक वेळा गुणसूत्रांच्या जुळणीतच गडबड असल्यामुळे. एकदाच झालं तर सहसा मोठ्या तपासण्या लागत नाहीत. पुन्हा झालं तर डॉक्टरांशी बोलून कारण शोधायला हवं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटि-डी इंजेक्शन (पुढच्या गर्भाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लागतं का, हे मात्र लगेच फोन करून विचारा.

१०. टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण तपकिरी डाग दिसतायत. झोपून राहू का?

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं, आणि त्यातल्या पुष्कळ जणींची गर्भधारणा नीट पुढे जाते. नुसतं झोपून राहण्याने गर्भ टिकतो असं नाही. दुखत नसेल, डाग थोडे असतील, तर एक-दोन दिवसांत दाखवा. तासाला पॅड भिजतोय, गाठी पडतायत, किंवा दुखतंय तर वाट बघू नका.

११. डॉक्टरांनी बीटा एचसीजी (रक्तातल्या एचसीजीची तपासणी) सांगितलंय. आकडा आला १८०. हे चांगलं की वाईट?

एकट्या आकड्याला उत्तर नसतं. लॅबच्या कागदावर आठवड्यांप्रमाणे एक तक्ता छापलेला असतो, त्यातल्या मर्यादा इतक्या रुंद असतात की त्यात जवळजवळ कुठलाही आकडा बसतो. ५ च्या खाली म्हणजे गर्भ नाही, २५ च्या वर म्हणजे आहे, मधलं संशयाचं. त्यापुढे महत्त्व आकड्याच्या चालीला.

म्हणून ४८ तासांनी दुसरी तपासणी, आणि ती त्याच लॅबमध्ये. दोन लॅबची यंत्रं वेगळी, त्यामुळे आकडेही थोडे वेगळे येतात. "४८ तासांत दुप्पट झालंच पाहिजे" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ते तितकंसं खरं नाही. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के. त्याहून जास्त असेल तर ३३ टक्के. म्हणजे १८० चे २७० झाले तरी ते चालण्यासारखं आहे. १८० चे २०० झाले तर डॉक्टर जास्त लक्ष देतील, आणि ९० झाले तर गर्भ थांबला असं समजायचं. पण नळीतल्या गर्भातही आकडा कधी कधी नीट वाढतो, आणि कधी खाली येतानाही धोका असतो, म्हणून चांगला आकडा बघून दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका.

१२. रेघ पुसट आहे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय. गॅस असेल का?

असेलही. पण आधी दवाखान्यात जा, गॅस नंतर ठरवू.

शंभरात एक-दोघींमध्ये गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत रुजतो. तिथे तो वाढू शकत नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेततं. कार्ड इथे काहीही दाखवू शकतं: पुसट, गडद, आज आहे-उद्या नाही. म्हणूनच रेघेपेक्षा लक्षणांवर लक्ष हवं. एका बाजूचं दुखणं, थोडं थोडं अंगावरून जाणं, चक्कर, घाम फुटणं, आणि एक चमत्कारिक लक्षण म्हणजे खांद्याच्या टोकाला दुखणं. पोटातलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि ते खांद्यात जाणवतं.

पूर्वी असा गर्भ राहिला असेल, नळीचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं असेल, तांबी असताना दिवस राहिले असतील, ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्या आल्याच डॉक्टरांना सांगा. "ऑपरेशन झालंय, मग दिवस कसे जातील" म्हणून टेस्टच न करणाऱ्या बायका आम्ही बघितल्या आहेत. क्वचित जातात, आणि गेले तर नळीत असण्याची शक्यता जास्त. वेळेत कळलं तर इंजेक्शनवर निभावतं, नाहीतर ऑपरेशन. चक्कर येऊन पडल्यासारखं होत असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

१३. टेस्ट पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत मात्र काहीच दिसलं नाही.

दुखत नसेल तर आधी तारखा मोजा. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाभोवतीची पिशवी दिसायला साधारण पाच आठवडे लागतात, ठोके दिसायला सहाच्या आसपास. पोटावरून केली तर आणखी उशीर. पाळी चुकल्याच्या तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीला गेलात तर रिकामं गर्भाशय दिसणार आणि तुम्ही रडत घरी येणार. डॉक्टर दोन-दोन दिवसांनी बीटा एचसीजी सांगतील (प्रश्न ११), मग पुन्हा सोनोग्राफी. गर्भ कुठे आहे हे पक्कं होईपर्यंत प्रश्न १२ डोक्यात ठेवा.

१४. अडीच महिने झाले, उलट्या चालू आहेत. गंमत म्हणून जुनं कार्ड केलं तर जवळजवळ निगेटिव्ह! मी हादरले.

गंमत म्हणून केलेल्या टेस्टनेच सगळ्यात जास्त घाबरवलेलं आहे. आता ते दोन पाव आणि काकडी आठवा. काकडी इतकी जास्त झाली की प्रत्येक पावाला आपली आपली काकडी मिळाली, तर सँडविच बनेल कसं? एचसीजी आठव्या ते अकराव्या आठवड्यात सर्वोच्च असतं, लाखाच्या आसपास किंवा पुढे. शिवाय लघवीत एचसीजीचे तुटलेले तुकडेही खूप असतात, ते एका अँटिबॉडीला चिकटून जागा अडवतात. दोन्ही बाजू भरल्या, पण जोडल्या गेल्या नाहीत, म्हणून रेघ फिकी. याला हुक इफेक्ट म्हणतात.

पडताळायचं असेल तर एक भाग लघवीत नऊ भाग पाणी घालून नव्या कार्डावर करा. पाणी घातल्यावर रेघ उलट गडद झाली तर कारण हेच. जुळ्यांमध्ये हे जास्त दिसू शकतं, आणि द्राक्षगर्भातही, जिथे गर्भाऐवजी वारेच्याच पेशी बेसुमार वाढतात. म्हणून या टप्प्यावर सोनोग्राफी झाली नसेल तर ती करून घ्याच. झाली असेल आणि ठोके दिसले असतील, तर कार्डाचं काम संपलं.

१५. गोळ्या घेऊन गर्भपात झाला. तीन आठवडे झाले, अजून पॉझिटिव्ह. राहिलं का काही आत?

नुसत्या पॉझिटिव्हवरून तसं म्हणता येत नाही. एचसीजी एका दिवसात जात नाही. गर्भपातानंतर, आपोआप झालेला असो की केलेला, कार्ड चार आठवडे, कधी सहा आठवडेही पॉझिटिव्ह राहू शकतं. जितके दिवस जास्त गेले होते तितका वेळ जास्त. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तपासणीला जा, तिथे सोनोग्राफी किंवा बीटा एचसीजीने कळतं. ताप, घाण वास, थांबत नसलेला रक्तस्राव, किंवा उलट गोळ्या घेऊन काहीच अंगावरून न जाणं, यातलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका.

या निमित्ताने एक सांगते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या धोक्याच्या, कारण गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही आणि वेळ मात्र निघून जातो. भारतात गर्भपात कायदेशीर आहे, गोळ्यांनी नऊ आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १८ वर्षांपुढच्या बाईला फक्त स्वतःची सही लागते; नवऱ्याची नाही, सासूची नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

१६. आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) झालंय. बाराव्या दिवशी पॉझिटिव्ह, सोळाव्या दिवशी निगेटिव्ह.

बीज सुटावं म्हणून दिलेलं ट्रिगर इंजेक्शन अनेकदा एचसीजीचंच असतं. ते शरीरातून जायला १० ते १४ दिवस लागतात. तुमच्या कार्डाने बहुधा इंजेक्शनच पकडलं. तुमचं काही गेलं नाही, कारण ते कदाचित नव्हतंच. हे ऐकायला सोपं नाही हे मला माहीत आहे. या उपचारांत दवाखान्याने दिलेल्या तारखेलाच रक्त तपासा, घरी कार्ड नको. निगेटिव्ह दिसलं म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि त्या चालू असताना पाळी आली नाही यावरून काही ठरवूही नका, त्या पाळी थोपवून धरतात.

१७. लघवीची निगेटिव्ह, रक्ताची पॉझिटिव्ह. कोणावर विश्वास ठेवू?

सुरुवातीचे दिवस असतील तर रक्तावर. तिथे एचसीजी आधी येतं. पण रक्ताचा आकडा आठवडेच्या आठवडे थोडासाच वर अडकून राहिला, सोनोग्राफीत काही नाही, लघवी कायम निगेटिव्ह, तर डॉक्टर दुसरी शंका घेतात. काही जणींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की त्या लॅबच्या तपासणीलाच फसवतात. त्या लघवीत उतरत नाहीत, म्हणून लघवीची टेस्ट खरं बोलते. पाळी जाण्याच्या वयातही मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून थोडं एचसीजी येऊ शकतं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये आवर्जून सांगा, काही तपासण्यांत ते ढवळाढवळ करतं. अँटिबायोटिक, पॅरासिटामॉल, थायरॉइडची गोळी यांनी मात्र निकाल बदलत नाही.

१८. साखर, मीठ, टूथपेस्ट घालून घरच्या घरी कळतं म्हणे?

नाही. टूथपेस्टमध्ये बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं. लघवी आम्लधर्मी असेल तर फेस येतो. माझी खात्री आहे, नवऱ्याच्या लघवीनेही येईल.

१९. रेघ गडद म्हणजे मुलगा, खरंय का?

नाही. आणि कोणी "तपासून देतो" म्हणालं तर तो गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

२०. आशाताईंनी फुकट दिलेलं निश्चय किट आणि मेडिकलमधलं, फरक काय?

तत्त्व एकच, आणि नीट वापरलं तर निकालही तोच. फुकटचं म्हणून कमअस्सल समजू नका. मुदत बघा, पाकीट फाटलेलं नाही ना बघा, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत किंवा बाथरूमच्या ओलीत ठेवलेलं वापरू नका. पाकीट वापरायच्या वेळीच फोडायचं. पॉझिटिव्ह आली आणि गर्भ ठेवायचा असेल तर बारा आठवड्यांच्या आत आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. माता-बाल संरक्षण कार्ड तिथेच मिळतं, आणि पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळायलाही ही नोंद लागते.

२१. फोटो पाठवला तर तुम्ही बघून सांगाल का?

नको. फोनचा कॅमेरा उजेड आणि रंग स्वतःच्या मनाने बदलतो, मग तुम्ही झूम करता, कोणी फिल्टर लावून रंग उलटे करून पाठवतं, आणि मी इथे बसून तुमच्या आयुष्याबद्दल अंदाज करते. त्याऐवजी लिहून पाठवा: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, टेस्टची तारीख आणि वेळ, किती मिनिटांनी बघितलं, दुखतंय का, अंगावरून जातंय का, चालू असलेली औषधं आणि रक्तगट. एवढ्यावर मी डॉक्टरांना विचारून उत्तर देऊ शकते. आणि मेसेज टाकल्यावर फोन चालू ठेवा. "एका बाजूला दुखतंय" असं सकाळी सातला लिहून मग दिवसभर फोन बंद ठेवणाऱ्या मुलींचाच मला जास्त घोर लागतो.